कोरियात आपण पंच होतो, युक्रेनमध्ये गिऱ्हाईक आहोत

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर कुणी मान पण वर करत नाही, ते म्हणजे या युद्धामुळे जगात भारताचं वजन वाढलं. टीव्हीवर तेच, फॅमिली ग्रुपवर तेच, लग्नाच्या पंगतीत काकालोक भेटले की तेच. वजन वाढलं हे मी नाकारत नाही. पण गावात दोन घरांचं भांडण लागलं की मोठ्या गिऱ्हाइकाशी दोन्हीकडचे गोडच बोलतात, आणि ज्याला दोन्ही घरं ओट्यावर बोलावून 'तुम्ही सांगाल ते' म्हणतात तो पंच वेगळाच असतो. दूरच्या युद्धाने एखाद्या देशाला यातलं काहीही बनवता येतं. युक्रेनने आपल्याला मोठं गिऱ्हाईक बनवलं. पण आपण एकदा पंच पण होतो, कोरियात, सत्तर वर्षांपूर्वी, आणि तेव्हा आपल्याकडे खायला धान्य नव्हतं.

ही कोरियाची गोष्ट आपल्याकडे शाळेत जेमतेम एका ओळीत उरकतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

२५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं. आपलं संविधान लागू होऊन पाच महिने झाले होते. भारताने उत्तर कोरियाला आक्रमक म्हणायला युनोमध्ये पाठिंबा दिला, म्हणजे सुरुवातीलाच 'आम्हाला काय त्याचं' अशी भूमिका नव्हती, पण लढायला सैनिक पाठवायला मात्र नाही म्हटलं. पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली साडेतीनशेच्या आसपास माणसं. डॉक्टर, ड्रेसर, स्ट्रेचरवाले. नोव्हेंबरमध्ये पोचले आणि डिसेंबरमध्ये चिनी सैन्याच्या रेट्यामुळे प्योंगयांगमधून सगळ्यांची पळापळ सुरू झाली. यांच्याकडे गाड्या पुरेशा नाहीत, ऑपरेशनचं सामान सोडून जायची इच्छा नाही, मग स्टेशनवर एक बेवारस इंजिन आणि काही डबे सापडले, युनिटमध्ये इंजिनाची माहिती असलेली माणसं निघाली, रांग लावून बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरलं आणि सगळं सामान, जखमी वगैरे घेऊन नदीवरचा पूल उडवायच्या थोडं आधी गाडी पलीकडे नेली. यावर अजून कुणी सिनेमा कसा काढला नाही कळत नाही.

पण भारताचं खरं काम युद्धभूमीवर नव्हतं. ऑक्टोबर १९५० मध्ये मध्यरात्री पेकिंगमधले (आजचं बीजिंग) आपले राजदूत पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याकडे नेलं गेलं आणि चौंनी सरळ सांगितलं की अमेरिकन सैन्याने ३८ अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. अमेरिकेची आणि कम्युनिस्ट चीनची बोलचाल नव्हती, त्यामुळे हा निरोप द्यायला मधे माणूस हवा होता आणि तो माणूस भारताचा होता. निरोप दिल्लीने लंडनला आणि वॉशिंग्टनला पोचवला. वॉशिंग्टनला वाटलं हा पणिक्कर चीनच्या बाजूने झुकलेला आहे, त्याचं काय ऐकायचं. सैन्य पुढे गेलं, आणि त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून आत शिरल्या. तो निरोप ऐकला असता तर काय झालं असतं यावर इतिहासकार अजून वाद घालतायत, पण निरोप खरा होता हे तर सिद्ध झालं, आणि खरा निरोप खरा म्हणून पोचवणारा देश अशी भारताची ओळख तिथून सुरू झाली.

त्याची किंमतही मोजायला लागली. फेब्रुवारी १९५१ मध्ये चीनला आक्रमक ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ठरावाविरुद्ध आपण मत दिलं. नेमक्या त्याच काळात आपण अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागत होतो, कारण देशात दुष्काळ होता, रेशन कमी केलं होतं. अमेरिकन काँग्रेसमध्ये महिनोन् महिने रखडपट्टी झाली. हे लोक आमच्या विरुद्ध मत देतात आणि वर गहू मागतात, असा तिथला सूर होता. शेवटी जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज म्हणून ते धान्य मिळालं. आता विचार करा, आज आपल्याकडे धान्याची कोठारं भरून वाहतायत आणि तरी एखाद्या ठरावावर मत देताना आपण तटस्थ राहण्यातच धन्यता मानतो, आणि तेव्हा उपाशी असताना 'नाही' म्हणून हात वर केला होता.

मग आला कैद्यांचा प्रश्न, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण सगळी गोम इथेच आहे. जुलै १९५१ पासून तहाची बोलणी सुरू झाली होती, रेषा कुठे आखायची वगैरे बरंच ठरत आलं होतं, पण १९५२ मध्ये सगळं एका मुद्द्यावर अडकलं. १९४९ चा जिनिव्हा करार म्हणतो की युद्ध संपलं की कैदी परत पाठवा. अमेरिका म्हणत होती की आमच्याकडच्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परत जायचंच नाहीये, त्यांना जबरदस्तीने पाठवणार नाही. चीन म्हणत होता की सगळे परत द्या, करारात लिहिलंय. दोघांच्याही इज्जतीचा प्रश्न. वर्षाहून जास्त काळ हा घोळ चालला आणि त्या काळात टेकड्यांवर माणसं मरत होती. तेव्हा भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी युनोमध्ये एक तोडगा मांडला: कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्या, तिथे दोन्ही बाजूंनी येऊन आपापल्या माणसांना समजावून सांगावं, मग ज्याला जायचं त्याने जावं. ३ डिसेंबर १९५२ ला ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी पास झाला. विरोधात कोण, तर सोव्हिएत गट, आणि भारताला शिव्या पण भरपूर खाव्या लागल्या, चीननेही आधी झिडकारला. पण मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि त्याच महिन्याच्या शेवटी चौ एन लाय यांनी जवळपास तोच तोडगा मान्य असल्याचं जाहीर केलं. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला.

आता आयोग नेमायचा म्हणजे त्यात कोण? स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, म्हणजे दोन इकडचे दोन तिकडचे, आणि पाचवा अध्यक्ष भारत, जनरल थिमय्या. आणि कैद्यांवर पहारा ठेवायला सैन्य फक्त भारताचं. पाच-सहा हजार जवानांची कस्टोडियन फोर्स आणि तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे.

यांचं स्वागत कसं झालं ते ऐका. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही म्हणाले की भारतीय सैनिकांना माझ्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही. म्हणून आपले जवान इंचॉनला जहाजाने पोचल्यावर अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट युद्धविराम पट्ट्यात उतरवले गेले, हजारो माणसं, खेपेवर खेप. तिथे तंबूंचं गाव उभं राहिलं, त्याला नाव दिलं हिंद नगर. ताब्यात २२ हजार सहाशेच्या वर कैदी, बहुतेक चिनी, आणि दुसऱ्या बाजूकडून आलेले ३५९, ज्यात काही अमेरिकन पण होते ज्यांना अमेरिकेला परत जायचं नव्हतं. छावण्यांच्या आत कैद्यांच्या टोळ्यांचं राज्य होतं, कुणी परत जायचं नाव काढलं तर आतल्या आत त्याला मारायचे. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. बाहेर बंदुका तयार, आत हजारो चिडलेली माणसं. थोरात स्वतः आत गेले, त्या गर्दीत उभे राहून बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. दर वेळी असं सुखरूप निभावलं नाही, ऑक्टोबरमध्ये कैदी तारा तोडून बाहेर पडू लागले तेव्हा आपल्या जवानांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी मेले. त्यावरून दक्षिण कोरियाने आपल्याला खुनी म्हटलं. समजावण्याचं काम नीट झालंच नाही म्हणून चीन नाराज, आणि अमेरिकन सेनापती वेगळ्या कारणासाठी नाराज. शेवटी परत गेले ते फक्त काहीशे. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्या बाजूने पकडले होते तिच्याच ताब्यात परत दिले, आणि ८८ जण असे निघाले ज्यांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं, ते आपल्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले.

बरं, या सगळ्याचं बक्षीस? कोरियाच्या राजकीय परिषदेत भारताला बसायला जागा सुद्धा मिळाली नाही. अमेरिकेने विरोध केला, दोन तृतीयांश मतं होत नाहीत असं दिसल्यावर आपण नाव मागे घेतलं. पण पुढच्याच वर्षी इंडोचायनाचा तह झाला तेव्हा व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया तिन्हीकडच्या देखरेख आयोगांचं अध्यक्षपद भारताकडे आलं, १९५६ ला सुएझनंतर गाझामध्ये आपले जवान गेले, १९६० ला काँगोत. नुकतं स्वतंत्र झालेलं, फाळणीतून रक्तबंबाळ बाहेर आलेलं एक गरीब राष्ट्र, आणि जगात कुठे दोन पक्षांना मधे उभं करायला कुणी लागलं की त्याचं नाव निघायचं. हे कोरियाने केलं. ते युद्ध झालं नसतं तर नेहरूंची भाषणं भाषणंच राहिली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता युक्रेनकडे या. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. युरोपने रशियन तेल बंद केलं, आपण सवलतीत घेतलं, जामनगर-वाडीनारला शुद्ध केलं आणि त्यातलं डिझेल पुन्हा युरोपलाच विकलं. यात चूक काय? काही नाही. मी त्या खुर्चीत असतो तरी हेच केलं असतं, १४० कोटी लोकांचा देश महाग तेल घेऊन तत्त्वज्ञान सांगत बसू शकत नाही. (मुंबईत जुलै २०२२ ते मार्च २०२४ पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर अगदी खिळा ठोकल्यासारखं होतं, तेव्हा ती सवलत नेमकी कुणाच्या खिशात गेली हा प्रश्न मी इथे विचारत नाही, पण विचारायला हवा.) आणि युद्धाच्या सुरुवातीला ऑपरेशन गंगामध्ये आपली हजारो मेडिकलची पोरं, त्यात आपल्या महाराष्ट्रातली पण कितीतरी, बाहेर काढली ते कामही झकासच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतीन यांना तोंडावर सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही, आणि ते शब्द बालीच्या जी-२० जाहीरनाम्यात आले. जुलै २०२४ ला ते मॉस्कोला गेले आणि ऑगस्टमध्ये कीवला. दोन्ही राजधान्यांत असं स्वागत होणारे नेते फार नाहीत, हे पण मान्य.

मग पुढे काय झालं? धान्याची जहाजं काळ्या समुद्रातून सोडायचा करार जुलै २०२२ मध्ये झाला तो तुर्कस्तानने युनोच्या साथीने घडवला. कैद्यांच्या अदलाबदली, हजारोंच्या, त्यातल्या कितीतरी संयुक्त अरब अमिरातीने घडवल्या. रशियाने नेलेली युक्रेनची काही मुलं परत आणायला कतार मधे पडलं. अमेरिका आणि रशिया २०२५ मध्ये बोलायला बसले ते रियाधला. दोन्ही लढणारे समोरासमोर बसले ते इस्तंबूलला. या यादीत दिल्ली शोधून दाखवा. निरोप इकडून तिकडे पोचवले असतील, पोचवलेच आहेत, परराष्ट्रमंत्र्यांनी तसं सांगितलंय, पण मी म्हणतोय ते काम वेगळं आहे, अंगावर घेतलेलं काम. २०२४ च्या जूनमध्ये स्वित्झर्लंडला शांतता परिषद झाली, आपण गेलो, पण अधिकारी पातळीवर, आणि निवेदनावर सही न करता परत आलो. सही न करण्याला कारण होतं, रशियाशिवाय परिषद कसली, हे बरोबरच आहे. पण मग रशियासकटची परिषद आम्ही भरवतो असं म्हणायला कुणी अडवलं होतं?

यावर नेहमीचं उत्तर येतं की त्या देशांकडे पैसा आहे, भूगोल आहे, तुर्कस्तानच्या हातात काळ्या समुद्राच्या तोंडाची बॉस्फोरस सामुद्रधुनी आहे. अहो, १९५३ मध्ये आपल्याकडे यातलं काय होतं? दुसरं उत्तर जरा वजनदार आहे: आपली शस्त्रं रशियाची, गलवाननंतर चीन डोक्यावर, अशात रशियाला दुखवून कसं चालेल. पटतं, पण पंचाला कुणाला दुखवायचं नसतंच, दोघांना थोडं थोडं दुखवावं लागतं आणि दोघांच्या शिव्या खाव्या लागतात, थोरातांनी खाल्ल्या तशा. आपल्याला शिव्या नकोत आणि हार मात्र हवेत, हा माझ्या मते खरा प्रॉब्लेम आहे.

गिऱ्हाइकाच्या वजनाचं काय होतं ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलं. ट्रम्प यांनी रशियन तेल घेता म्हणून एका आदेशात २५ टक्के जास्तीचा कर लावला, एकूण ५० टक्के झाला. चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेत होता, त्याच्यावर त्या कारणाने असा कर लागला नाही, कारण त्याच्या हातात अमेरिकेला लागणारी दुर्मिळ खनिजं होती. आणि इकडे अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणारे कारखाने, सुरतचे हिरेवाले, तिरुप्पूरचे कपडेवाले सगळे टेन्शनमध्ये. नंतरच्या वाटाघाटी वगैरे वेगळा विषय. पण साडेतीन वर्षं ज्याला आपण नवी जागतिक भूमिका म्हणत होतो ती दुसऱ्याच्या एका सहीने अडचणीत येत असेल तर तिला भूमिका म्हणायचं का, मला शंका आहे. १९५४ मध्ये अमेरिकेचा राग होताच, तरी इंडोचायनाच्या आयोगातून भारताला कुणी काढू शकलं नाही, कारण ती जागा भरायला दुसरा माणूस नव्हता.

हे वाचून काही जण म्हणतील की हा नेहरूंचा भक्त दिसतोय. तर आता दुसरी बाजू, आणि ती सांगायला पुन्हा थोरातच लागतात. कोरियाहून परत आल्यावर पुढे ते पूर्व विभागाचे लष्करप्रमुख झाले, म्हणजे नेफा, आजचा अरुणाचल, त्यांच्याकडे. १९५९ मध्ये त्यांनी लेखी मूल्यांकन पाठवलं की चीनकडून खरा धोका आहे, आपल्याकडे सैन्य कमी, रस्ते नाहीत, इतकं इतकं लागेल. पुढच्या वर्षी लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते उडवून लावलं. तेच मेनन, ज्यांच्या तोडग्याने कोरियाचं युद्ध थांबायला मदत झाली. थिमय्यांनी आपल्यामागे सेनाप्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं, ते पण डावललं. १९६२ मध्ये काय झालं सगळ्यांना माहीत आहे. जगभर पंचगिरी करून आलेल्या मान-सन्मानाने एक भ्रम तयार झाला होता की ज्याच्यासाठी आपण अमेरिकेची बोलणी खाल्ली, धान्य अडवून घेतलं, तो चीन आपल्यावर हात टाकणार नाही. सन्मानाला तोफ समजायची चूक दिल्लीने केली, कोरियात जवानांनी केलेल्या कामात काही खोट नव्हती. पण आपण त्यातून धडा काढला तो उलटाच, की पंचगिरी हा भोळसटपणा, आपलं बघा. आणि गेली साठ वर्षं तोच धडा घोकतोय.

युक्रेनमध्ये कधी ना कधी युद्धविराम होईल आणि तेव्हा रेषेवर उभं कोण राहणार हा प्रश्न येणारच आहे. युरोपचं सैन्य रशियाला चालत नाही, तसं त्यांनी वारंवार सांगितलंय. रशियाला चालेल असं सैन्य युक्रेनला चालेलच असं नाही. दोघांनाही नाइलाजाने का होईना चालतील असे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात आपण आहोत, आणि हे काम एकदा हिंद नगरच्या चिखलात केल्याचा अनुभव आहे. उद्या विचारणा झाली तर पाठवायचे का पाच-सहा हजार जवान? माझं उत्तर हो आहे, युनोचा ठराव असेल, दोन्ही पक्षांची लेखी संमती असेल आणि निर्णय घेण्याच्या टेबलावर आधी खुर्ची मिळाली असेल तर, १९५३ सारखं पहारा आमचा आणि परिषद तुमची असं परत नको. आणि होकार कळवायच्या आधी लडाख आणि अरुणाचलला किती माणसं लागतात ते सेनाप्रमुखांना विचारावं, आणि ते जो आकडा सांगतील तो या वेळी फायलीत दाबून ठेवू नये.